दोनशे बारा कोट आणि तुझी सरासरी

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. प्रत्यक्ष वाकायला माझी कंबर सध्या राजी नाही, आणि का नाही ते पुढे येईलच.) तुझी तब्येत बरी असेल, वहिनीचा गुडघा ताळ्यावर असेल, आणि तुझ्या हवामान कचेरीतल्या त्या बंद खिडक्यांच्या खोलीत बारा महिने चोवीस अंश असतील असं धरून चालते. इकडे आम्ही सगळे बरे आहोत असं लिहायची रीत आहे. ती मी आज पाळणार नाही. बाबा आठ दिवस हॉस्पिटलमध्ये आहेत. छातीत कफ भरला होता, नाकाला नळी लावली होती, ती परवा काढली. धोका टळला असं डॉक्टर म्हणतात. तेव्हा तू घाबरू नकोस. (तू घाबरला नाहीसच, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर हे पत्र.)

त्यांना दाखल केलं त्याच दिवशी तुला फोन केला होता. तू मीटिंगमध्ये होतास. वहिनीने निरोप घेतला आणि दुसऱ्या दिवशी तुझा मेसेज आला. तो मी अजून पुसलेला नाही. रोज सकाळी चहाबरोबर एकदा वाचते, म्हणजे दिवसभर पुरेल एवढा राग अंगात मुरतो. "बाबांची काळजी घ्या. हवा बदलली की असं होतं. तसं या महिन्याचं सरासरी तापमान नेहमीपेक्षा फक्त एका अंशाने जास्त आहे." फक्त म्हणे. दादा, बाबांनी तुला शिकवलं आणि मला इस्त्री शिकवली, याबद्दल माझी काही तक्रार नाही (आहे, पण ती वेगळ्या पत्राची गोष्ट). पण भागाकार मलाही येतो. सकाळी एकतीस आणि संध्याकाळी तेरा, मिळून चव्वेचाळीस, भागिले दोन, बावीस. बावीस म्हणजे काय सुरेख हवा, फिरायला जावं अशी. मग मीही एका गिऱ्हाइकाला एका बाहीचा कोट देते, दुसऱ्याला तीन बाह्यांचा देते, आणि दोघांना सांगते की सरासरीने दोन-दोन बाह्या आल्यात, कुरकुर कसली करता. बावीस अंशांचा एक दिवस या महिन्यात आमच्या रस्त्यावर उजाडलेला नाही. तुझ्या कागदावर तो रोज उजाडत असणार. तिथेच राहायला जावं म्हणते.

फोनवर हे सगळं बोलता आलं असतं, पण फोनवर तू "हं, हं" करत दुसरी कामं उरकतोस. कागदाला हं म्हणता येत नाही. शिवाय फोनवर मी रडले असते आणि तू त्याला बायकी म्हणाला असतास, मग मी फोन आपटला असता, आणि फोन नवा आहे.

आपल्या लाँड्रीत काय चालतं हे तुला आठवत नसेल म्हणून सांगते. (वर्षानुवर्षं त्या वाफेत अभ्यास केलास, पण माणूस मोठा झाला की वाफ विसरतो.) थंडी सरली की गावातले लोक आपले लोकरी कोट आपल्याकडे आणून टाकतात. आपण ते धुतो, वाळवतो, कागदात गुंडाळतो, खिशात डांबराच्या गोळ्या घालतो आणि पोटमाळ्यावर नंबराने टांगतो. पुन्हा थंडी आली की खाली काढतो. वर्षातून एकदा "कोट वर" आणि एकदा "कोट खाली". हे दोन हुकूम सोडायचा मान एकट्या बाबांचा. एक्केचाळीस वर्षांत त्यांनी तो कुणाला दिला नाही. मी दुकान चालवते, मशीन चालवते, वीजवाल्यांशी भांडते, पण कोट वर की खाली ते बाबा ठरवणार. आणि बाबा ते ठरवणार काउंटरमागच्या पाटीवरून, जिच्यावर ते रोज संध्याकाळी खडूने लिहितात, "उद्या: सव्वीस. मुलाकडून." ते "मुलाकडून" आकड्यापेक्षा मोठ्या अक्षरात असतं. गिऱ्हाइकं आत यायच्या आधी पाटी बघतात. तुझ्या कचेरीचा माणूस टीव्हीवर काय सांगतो त्याला आमच्या रस्त्यावर काडीची किंमत नाही. तुझ्या निरोपावर अख्खी आळी कपडे घालते. (कसला निरोप, मी कुठे दिला निरोप, असं म्हणत खुर्चीतून उठू नकोस. शेवटपर्यंत वाच. तुला पहिल्या पानावरच उठायची खोड आहे.)

तर यंदा काय झालं ते ऐक. गेल्या सहा आठवड्यांत बाबांनी "कोट वर" आणि "कोट खाली" मिळून अकरा वेळा म्हटलं. अकरा. दोनशे बारा कोट आहेत. पोटमाळ्याची शिडी चौदा पायऱ्यांची आहे. आता माझी कंबर का वाकत नाही ते तुला कळलं असेल, तू हिशोबात हुशार आहेस. सोमवारी ऊन असं तापायचं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं, लोक कोट आणून काउंटरवर आपटायचे आणि कपाळ पुसत निघून जायचे. बुधवारी वारा फिरायचा, की तेच लोक दात वाजवत दारात रांग लावायचे आणि माझ्याकडे अशा नजरेने बघायचे जणू त्यांची थंडी मीच पोटमाळ्यावर लपवून ठेवली आहे. शुक्रवारी पुन्हा घाम. कोट धुवायला वेळच मिळेना. एका कोटाच्या कागदाची घडीसुद्धा मोडली नव्हती आणि तो तीन वेळा घरी जाऊन आला. आपले इस्त्रीकाका बाबांच्या वेळेपासूनचे, कधी उलट शब्द बोलले नाहीत, त्यांनी सातव्या वेळी शिडीच्या पाचव्या पायरीवर बसून घेतलं आणि म्हणाले, ताई, एक तर मी वर राहतो नाहीतर कोट. मी त्यांना पाणी दिलं आणि सहावी पायरी स्वतः चढले. काय करणार, काम सोडून कुणाच्या तोंडाकडे बघत बसू.

शेवटी मीच डोकं चालवलं, आणि तिथेच माती खाल्ली. म्हटलं, दर वेळी माळ्यापर्यंत कशाला न्यायचे, नेहमी येणाऱ्यांचे कोट जिन्याच्या कठड्यावरच टांगून ठेवू. नंबराची चिंधी डाव्या बाहीच्या आत शिवलेली असते हे तुला माहीत आहे. पण घाईत कोण बाही उलटी करून बघतंय. कठड्यावर दोन काळे कोट शेजारी शेजारी लटकले होते, एक मुख्याध्यापिकाबाईंचा आणि एक नळाची कामं करणाऱ्याचा. बाई तेरा अंशांत कुडकुडत आल्या, मी दिला कोट. बाई तशाच पालकांच्या सभेला गेल्या, तिथे चष्मा काढायला खिशात हात घातला, तर पाना निघाला, वॉशर निघाले, आणि एक दोऱ्याचं गुंडाळं निघालं ते उलगडत उलगडत पहिल्या रांगेपर्यंत गेलं. इकडे नळवाल्याच्या खिशात मुलांकडून जप्त केलेल्या शिट्ट्या आणि एक गलोल. त्याचं काही बिघडलं नाही, तो दोन दिवस शिट्टी वाजवत हिंडला. बाई मात्र दुकानात येऊन मला उभ्या उभ्या असं बोलल्या की मी पुन्हा चौथीत गेले. इतक्या वर्षांत एक कोट इकडचा तिकडे झाला नव्हता. बाबा आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत होते. बाई गेल्यावर ते बाहेर आले, काउंटरवर परत आलेल्या दोन्ही कोटांच्या बाह्या उलट्या करून नंबर वाचले आणि कोट स्वतःच्या हाताने टांगले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता मागच्या आठवड्यातला मंगळवार. सोमवारी संध्याकाळी पाटीवर तुझ्या नावाने लिहिलं गेलं, "उद्या: एकतीस. मुलाकडून." बाबांनी हुकूम सोडला, कोट वर. सगळे कोट वर गेले, त्यांचा स्वतःचाही. मंगळवारी अकरा वाजता खरोखर एकतीस होतं, खोटं कशाला बोलू. बाबा पातळ सुती सदरा घालून न्हाव्याकडे निघाले. मी विचारलं, बरोबर काही घेता का. म्हणाले, कशाला, मुलाने सांगितलंय. न्हाव्याकडे गर्दी. त्यात त्यांनी डोकं पार तुळतुळीत करून घेतलं, उकडतंय म्हणून. दोन वाजता वारा फिरला. तीन वाजता माझ्या खिडकीची काच आतून धूसर झाली. चार वाजता तेरा अंश होते, आणि रस्त्यावरून सत्त्याऐंशी वर्षांचा एक म्हातारा नुकतंच भादरलेलं डोकं दोन्ही हातांनी झाकत चालत येत होता. दादा, त्या वेळी माझ्या डोक्यावर, त्याच छपराखाली, दोनशे बारा कोट टांगलेले होते. गावातली सगळी ऊब आमच्या घरात आणि घराचा मालक उघडा. मी धावत माळ्यावर गेले, हाताला लागला तो कोट खाली आणून त्यांच्या अंगावर टाकला. ते आधी डावी बाही उलटी करून नंबर बघायला लागले. कुणाचा आहे हे बघितल्याशिवाय घालेनात.

रात्रीतून ताप, सकाळी हॉस्पिटल. डॉक्टरबाई तरुण आहेत, पण स्पष्ट बोलतात. म्हणाल्या, याला थंडी कारण नाही आणि उकाडाही नाही, उडी कारण आहे. या वयाच्या शरीराला हवा बदलली की सावरायला दिवस लागतात, यांना तासही मिळाले नाहीत. आमचा वॉर्ड अशाच लोकांनी भरलाय, आणि आणखी एखादी अशी उडी यांना झेपणार नाही. मी त्यांना तुझा मेसेज दाखवला. (हो, दाखवला. तुझं नाव झाकून.) त्यांनी वाचला, माझ्याकडे परत दिला आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या की ताप मोजायचा असेल तर आम्ही महिन्याची सरासरी काढत नाही.

म्हणून मी चिडले आहे. हवा बिघडली म्हणून चिडले आहे, ज्यांनी बिघडवली आणि हात झटकले त्यांच्यावर चिडले आहे, पण ते माझ्या हाताला लागत नाहीत आणि तू लागतोस. तुम्ही शिकलेले लोक उंच खुर्च्यांवर बसून वर्षाचा आकडा काढता, दहा वर्षांचा काढता, एक अंश चढला, दीड चढला, आणि रेघ कशी हळूहळू वर जाते ते लोकांना दाखवता. रेघ हळूहळू जात असेल, आम्ही हळूहळू जात नाही. आम्ही सकाळी घामाने भिजतो आणि संध्याकाळी त्याच घामात गारठतो. त्या रेघेखाली माणसं राहतात हे सांगणारा एखादा रकाना तुमच्या कागदात असेल तर मला दाखव, नसेल तर काढायला सांग. आणि उंटावरून शेळ्या हाकत "काळजी घ्या" असं कळवू नकोस. काळजीच घेते आहे. त्याशिवाय दुसरं काही घ्यायला हात मोकळा नाही.

तुझ्याकडून मला काहीही नको आहे. येऊ नकोस, कामं असतील. औषधं इथे मिळतात, डबा मी नेते, इस्त्रीकाका दुपारी बसतात. वहिनीला नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद. रागावून लिहिलंय असं वाटलं तर बरोबरच वाटलं आहे.

तुझी धाकटी बहीण
(जिला तू अजून बारकी म्हणतोस, एकदा येऊन बघ)

ता. क. काहीही नको असं वर लिहिलंय, पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. एक गोष्ट हवी आहे. तू पूर्वी रोज सहा वाजता फोन करायचास आणि बाबांना उद्याचं तापमान सांगायचास. मग तुला बढती मिळाली, तू सरासरीच्या विभागात गेलास, फोन एक दिवसाआड झाला, मग रविवारी, मग बंद. आठ महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी बाबा खडू हातात धरून सात वाजेपर्यंत पाटीसमोर बसून राहिले. मला बघवेना. मी मागून ओरडले, दादाचा फोन माझ्याकडे आला होता, मशीनच्या आवाजात तुम्हाला ऐकू गेलं नसेल, उद्या चोवीस. त्यांनी लगेच लिहिलं. त्यानंतर रोज मीच सांगते. आभाळाकडे बघते, शेजारणीचं वाळत घातलेलं बघते, आणि ठोकून देते. कधी बरोबर येतं. हवा ताळ्यावर होती तोवर बहुतेक वेळा बरोबर यायचं. मंगळवारचे एकतीस मीच सांगितले होते. सकाळचं सांगितलं, संध्याकाळचं मला सुचलंच नाही. हॉस्पिटलमध्ये बाबा सारखे म्हणतात, पोराला दोष देऊ नका, त्याने मनापासून सांगितलं होतं. ते ऐकून मला कुठे तोंड लपवावं कळत नाही. तर विनंती अशी की त्यांनी कधी विचारलं तर तो निरोप तुझाच होता असं सांग. तुझी चूक त्यांना पचते. तू आठ महिने फोन केला नाहीस हे मात्र पचणार नाही.

ता. क. २. वरची विनंती रद्द. पत्र बंद करून ठेवलं होतं (बँकेतले कॅशियर उद्या तुझ्या गावी येणार आहेत, त्यांच्याबरोबर पाठवतेय, म्हणून पुन्हा उघडता आलं). आत्ता हॉस्पिटलमधून आले. नर्सने मला बाहेर बोलावून विचारलं, हवामान सांगणारी मुलगी ती तुम्हीच का. मी म्हटलं, नाही, तो माझा भाऊ. ती हसली. तिने बाबांना विचारलं होतं म्हणे, घरात एवढे कोट असून तुम्ही पातळ सदऱ्यात कसे गेलात. तर म्हणाले, हवामान माझी मुलगी सांगते, भावाचं नाव लावून, आठ महिने झाले. मुलगा नेहमी "साधारण" म्हणून सांगायचा, ही ठासून सांगते, त्यावरून पहिल्याच दिवशी कळलं. मंगळवारी निघतानाच मला वारा बरोबर वाटत नव्हता. पण काही अंगावर घेऊन गेलो असतो तर तिला वाटलं असतं की माझा तिच्यावर विश्वास नाही. आधीच त्या दोन कोटांच्या गोंधळाने ती खचली होती.

दादा, मी जिन्यात बसून रडले. आता मी चिडू तरी कुणावर.

ता. क. ३. खोटं बोलायची गरज उरली नाही, तेव्हा आता खरं काम. शनिवारी बाबांना घरी आणायचं आहे. इस्त्रीच्या खोलीत त्यांची खाट लावली आहे, कारण अख्ख्या घरात दिवसभर एकसारखी ऊब असलेली ती एकच जागा. प्रश्न फक्त वाटेतल्या पंचवीस मिनिटांचा आहे. डॉक्टरबाई म्हणतात, हवा स्थिर असेल अशी वेळ बघून न्या, उडीच्या तोंडावर बाहेर काढू नका. सकाळी नऊ की दुपारी दोन, हे मला कळत नाही. मी आभाळाकडे बघितलं, शेजारणीचं वाळत घातलेलंही बघितलं. या वेळी ठोकून द्यायची माझी हिंमत नाही. मला महिना नको, सरासरी नको. शनिवारचं तासातासाचं तापमान काढ, वारा कधी फिरणार ते बघ, कचेरीतल्या ज्याला कळतं त्याला विचार, नाक मुठीत धरून विचारावं लागलं तरी विचार. "साधारण" म्हणालास तरी चालेल.

शुक्रवारी सहा वाजता माझ्या नंबरवर फोन कर. मी काही न बोलता तो बाबांच्या कानाला लावीन. आकडा त्यांना सांग. कधी निघायचं ते मला तेच सांगतील.